नमुना 'अ' मध्ये धर्माचा रकाना नाही

नानांनी पेपर बाकावर आपटला तेव्हा चहा अजून यायचा होता. डीलिस्टिंगचं, म्हणजे धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढायचं, परत सुरू झालंय, सगळ्यांनी वाचलेलं होतं.

"बरोबरच आहे ना भो! धर्म बदलला, मग आदिवासींच्या सवलती कशाला? अन् या पाद्र्यांनी राजकारणात तोंड कशाला घालायचं? प्रार्थना करा, नाताळला केक वाटा, विषय संपला."

गार्डकाका चष्मा पुसत होते. रेल्वेतून निवृत्त झाले तरी भुसावळात ते गार्डकाकाच. रविवारची मिस्सा चुकवत नाहीत आणि संध्याकाळचा कट्टाही. मी त्यांच्या बाजूचा आहे, आधीच सांगतो.

"नाना, नवापूरकडचे बहुतेक ख्रिस्ती कॅथलिक नाहीतच. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं, ते प्रोटेस्टंट. आमच्या पोपला ते मानत नाहीत."

"मग तुम्हाला काय पडलंय त्यांचं?"

"आपल्याच माणसांपुरतं बोलायचं तर ज्ञातीचं मंडळ काढावं. चर्च कशाला हवं?"

नाना गप्प. नाना गप्प झाले की शर्टाच्या खिशातून मोबाईल काढतात आणि कुणीतरी पाठवलेलं मोठ्याने वाचतात. तेच केलं. वकिलाने ऐकून घेतलं. हा पोरगा नंदुरबारला वनहक्काच्या, म्हणजे आदिवासी कसतात त्या जंगलजमिनीच्या हक्काच्या फायली लढतो.

"नाना, त्यात दोन याद्यांची भेसळ आहे. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात धर्माची अट आहे. आधी फक्त हिंदू, 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. जमातींच्या यादीला धर्माची अट कधीच नव्हती. भिल्ल हा भिल्लच असतो, देव कोणताही पुजो. आता ती अट घातली तर पहिला फटका जमिनीला. वनहक्काचा नमुना 'अ' बघा. नाव, गाव, जमात आहे का, दाखला जोडा. धर्माचा रकानाच नाही. दाखला गेला की दावा पडला. मग पंचाहत्तर वर्षांचा वहिवाटीचा पुरावा आणा, इतर पारंपरिक वननिवासींसारखा. कुठून आणणार?"

"ते ठीक आहे," नाना म्हणाले, "पण उद्या पाद्री आमदारकीला उभे राहिले म्हणजे?"

"आमचे राहू शकत नाहीत," गार्डकाका. "कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेचं कलम 285. राज्यसत्ता चालवावी लागेल असं कुठलंही पद धर्मगुरूने घ्यायचं नाही. 287 म्हणतं, पक्षात आणि कामगार संघटनेच्या कारभारात सक्रिय भाग नाही. वरिष्ठांना समाजहितासाठी गरज वाटली तरच सवलत. अमेरिकेत रॉबर्ट ड्रायनन नावाचा जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या येशूसंघाचा धर्मगुरू, 1970 ला तिथल्या संसदेवर निवडून आला, पाच वेळा. 1980 ला पोप दुसऱ्या जॉन पॉलने सांगितलं, पुरे. तो पुढची निवडणूक लढला नाही."

मास्तरांना हीच संधी हवी होती. "मग आपल्या घटना समितीत फादर जेरोम डिसोझा कसे? तेही जेझुइटच."

"तेव्हाची संहिता 1917 ची, मास्तर. वरिष्ठांच्या परवानगीने चालायचं."

"ते सोडा. 1959 च्या केरळचं सांगा. कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबूद्रिपादांनी शिक्षण विधेयक आणलं, खासगी शाळांतल्या शिक्षकांचा पगार अन् नेमणूक सरकारच्या देखरेखीखाली. तुमचे बिशप रस्त्यावर आले. 31 जुलैला निवडून आलेलं सरकार बरखास्त. तेव्हा कुठे होती गरिबांची कळकळ?"

इथे दुसरा कुणी असता तर फाटे फोडले असते. गार्डकाकांनी कप खाली ठेवला.

"चूक होती. आंदोलनात नायर सर्व्हिस सोसायटीही होती, काँग्रेसही होती, पण त्यामागे लपायचं नाही मला. शाळा आमच्या होत्या म्हणून आम्ही उतरलो. वेठबिगारासाठी तितके उतरलो असतो तर तुला बोलायला जागा राहिली नसती. चर्च स्वतःच्या मालमत्तेसाठी राजकारणात जातं तेव्हा बिघडतं, दुसऱ्याच्या भाकरीसाठी जातं तेव्हा सुधारतं. वसईत फादर दिब्रिटोंनी हरित वसईसाठी बिल्डरांशी झुंज घेतली. जमीन-पाणी सगळ्या गावाचं होतं, बिशपचं नव्हतं. अन् स्वतः तिकीट मागितलं नाही."

"साने गुरुजींनीही नाही मागितलं," मास्तर पुटपुटले. अमळनेरचं नाव निघालं की मास्तरांचा आवाज खाली येतो. "1947 ला पंढरपूरच्या देवळासाठी उपोषणाला बसले. देव मानत होते म्हणूनच बसले."

"आणि शहाद्याचे अंबरसिंग? भजनं गातच उभे राहिले ना भिल्लांसाठी?" वकील म्हणाला. "मग पाद्र्यानेच घरात बसायचं का, नाना?"

नानांनी मोर्चा वळवला. "अरे पण करतात काय नेमकं? प्रवचनच ना?"

"प्रवचनाने सात-बारा होत नाही," गार्डकाका हसले. "बेल्जियमचा कार्डाइन नावाचा धर्मगुरू, 1925 ला त्याने कामगार पोरांची संघटना काढली. त्याची रीत तीन पावलांची: पाहा, पारखा, कृती करा. 1961 ला पोप तेविसाव्या जॉनने ती आपल्या परिपत्रकात घेतली. पाहायचं म्हणजे आकडे अन् कागद. वकिला, सांग ह्यांना तुमच्या नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यात काय पाहायचं."

वकील बोटं मोजायला लागला. "सभा पाड्याची हवी, ग्रुप ग्रामपंचायतीची चालत नाही. तिथेच बरेच दावे मरतात. कोरम निम्मा, त्यातल्या किमान एकतृतीयांश बाया. वनहक्क समिती दहा ते पंधरा जणांची, त्यात दोनतृतीयांश आदिवासी. कब्जा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा, मर्यादा चार हेक्टर. पुरावा एकापेक्षा जास्त. वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या चालतात, म्हाताऱ्यांचा लेखी जबाब चालतो. उपग्रहाच्या फोटोत शेत दिसत नाही एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही, तरी फेटाळतात. नकार लेखी मागायचा. साठ दिवसांत अपील, अन् लेखी नकारच हातात नसेल तर साठ दिवस मोजायचे कुठून?"

"हे ज्याला लिहिता येतं त्याने लिहून द्यायचं," गार्डकाका म्हणाले. "फादर असो, मास्तर असो. मत कुणाला द्या हे सांगायचं नाही. सही शेतकऱ्याची, ठराव ग्रामसभेचा."

"म्हणजे कम्युनिस्टच की!" नाना.

"केळीचे घड वाहणाऱ्याला काय मजुरी देतोस रे तू, सावद्याला?"

"मी बळजबरी करत नाही. तो स्वतःहून येतो."

"पोप तेराव्या लिओने 15 मे 1891 च्या पत्रात नेमकं हेच लिहिलं होतं. गरजेपोटी, किंवा याहून वाईट होईल या भीतीने मजुराने कमी मजुरी पत्करली, तरी तो जबरदस्तीचाच बळी. आताच्या पोपने 2025 मध्ये लिओ हे नाव घेतलं ते मुख्यतः त्याच पत्रासाठी."

मास्तर टाळी द्यायला पुढे सरकले. गार्डकाकांनी हात मागे घेतला. "थांब. त्याच पत्रात समाजवाद नाकारलाय अन् खासगी मालमत्तेची बाजू घेतलीय. तुम्हा दोघांनाही अर्धंच पत्र आवडतं."

मग कुणीतरी झारखंडात आदिवासींसाठी काम करणाऱ्या जेझुइट फादर स्टॅन स्वामींचं नाव काढलं. नाना म्हणाले, "तो तर आत होता ना?"

"खटला सुरूच झाला नाही, नाना. आरोप कोर्टात तपासलेच गेले नाहीत." गार्डकाका सावकाश बोलत होते. "झारखंडातल्या कच्च्या कैद्यांसाठी ते हायकोर्टात गेले होते. ऑक्टोबर 2020 ला त्यांनाच कच्चा कैदी केलं. हात थरथरायचे, पार्किन्सन. पाणी प्यायला नळीचा कप मागितला तर उत्तर द्यायला वीस दिवसांची मुदत मागितली गेली. 5 जुलै 2021 ला गेले, 84 वर्षांचे. वीस दिवस, कपासाठी."

बराच वेळ कुणी बोललं नाही. आझाद हिंद की कुठलीशी गाडी यार्डात भोंगा देत होती. नानांनीच सगळ्यांचे कप गोळा करून टपरीवर नेऊन ठेवले. नाना असं कधी करत नाहीत.

परत आले ते वेगळंच घेऊन. "ते जाऊ द्या. रविवारच्या भरीताचं काय? या वेळी हॉटेलातून मागवू."

"हॉटेलातून?" मास्तर उसळले. "बामणोदची वांगी सोडून?"

"1931 च्या पत्रात स्पष्ट आहे," गार्डकाका म्हणाले, "जे खालच्या पातळीवर नीट होतं ते वरच्याने हिसकावून घेऊ नये. भरीत मळ्यातच होईल."

"पोप भरीतावर पण बोलला?"

"तुझ्यावर बोलला, नाना. गेल्या वेळी पाच किलोचे पैसे घेऊन तीन किलो वांगी कुणी आणली होती?"

"ती भाजल्यावर आटली भो!"

"भाजायच्या आधीच तीन होती," वकील म्हणाला. "माझ्याकडे लेखी पुरावा आहे, एकापेक्षा जास्त."

नाना "अपील करीन, साठ दिवस आहेत" म्हणत चप्पल शोधायला लागले, आणि टपरीवाल्याला दिवा बंद करायला आणखी अर्धा तास थांबावं लागलं.