अप्पांनी शिवलेली पानं

आज बहिणीशी कडाक्याचं भांडण झालं. कारण सांगितलं तर हसाल. जमिनीवरून नाही, दागिन्यांवरून नाही, 2007 सालच्या एका इंग्रजी पिक्चरवरून.

सुट्टीला पुण्याहून माहेरी आलीय ती, सोबत अकरा वर्षांची भाची. सोलापूरचा मे महिना काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी दहानंतर उंबऱ्याबाहेर पाय टाकायची सोय नाही. कूलरपुढं पोरगी लोळून लोळून किती लोळणार? म्हणून तिला 'द गोल्डन कंपास' लावून दिला कुणीतरी. मी ऑफिसातून आले तर ही दारातच, "मावशी, लई भारी पिक्चर! अस्वल बोलतं! आणि शेवटी लायरा तिच्या मित्राला, रॉजरला, सोडवते, आणि दोघं फुग्यात बसून तिच्या बाबांकडे जातात!"

मी पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती. तोंडातून निघून गेलं, "अगं पण पुढं काय होतं माहितीय का?"

स्वयंपाकघरातून बहीण ओरडली, "ताई! काय सांगायलीस तिला? गप की जरा."

झालं. सुरू.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फिलिप पुलमनची तीन पुस्तकं आहेत, 1995, 1997 आणि 2000 सालची. पिक्चर पहिल्यावर आहे. त्या जगात माणसाचा आत्मा शरीराबाहेर असतो, प्राण्याच्या रूपात, कायम सोबत. लहानपणी तो रूप बदलत राहतो, आत्ता पाखरू, मग मांजर, मग मुंगूस. माणूस मोठा झाला की एका रूपात ठरून जातो. पुलमनचा शब्द 'डीमन', पण आमच्या इमारतीच्या ग्रुपवर एकानं लगेच विचारलं होतं, "भुताखेताचं आहे का हो काही?" म्हणून मी आपलं 'जिवाचा सोबती' म्हणते. तर तिथं मॅजिस्टेरियम नावाची धर्मसत्ता आहे. तिच्यासाठी काम करणारे लोक लहान पोरांना पळवून उत्तरेत नेतात आणि त्यांना त्यांच्या सोबत्यापासून कापून वेगळं करतात. पोरं मोठी होऊन पापाकडे वळू नयेत म्हणे. तिसऱ्या पुस्तकात तर गोष्ट थेट देवाच्या सिंहासनापर्यंत जाते. वाद होणारच होता. झाला.

आता मुद्द्याचं. पिक्चर जिथं संपतो तिथं पुस्तक संपत नाही. पुस्तकात अजून तीन प्रकरणं आहेत. लायरा एवढे कष्ट करून बापापर्यंत पोचते, तिला वाटतं बापाला तिच्याजवळचं, खरं सांगणारं ते सोन्याचं यंत्र हवंय. बापाला यंत्र नको असतं. त्याला एक मूल हवं असतं. आणि तिनं स्वतःच्या हातानं रॉजरला त्याच्या दारात आणून सोडलेलं असतं. बाप रॉजरला त्याच्या सोबत्यापासून तोडतो, त्यातून सुटलेल्या ताकदीनं दुसऱ्या जगाचं दार उघडतो आणि निघून जातो. रॉजर मरतो. अख्खं पुस्तक या एका घावासाठी लिहिलंय. ज्या मित्राला वाचवायला पोरगी जगाच्या टोकाला गेली, तो तिच्यामुळेच मेला.

आणि पिक्चरवाल्यांनी काय केलं? ही प्रकरणं शूट केली होती. होय, शूट करून ठेवली होती. मग कापली. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला घालू म्हणाले. तो दुसरा भाग आजतागायत आला नाही. म्हणजे माझ्या भाचीच्या जगात रॉजर अजून त्या फुग्यातच बसलाय, हसतोय.

मला याचा एवढा राग का येतो, तर त्याला अप्पा, म्हणजे आमचे वडील, कारण आहेत.

अप्पांची गिरणी बंद पडली त्या वर्षीची गोष्ट. मी दहा वर्षांची, बहीण सहाची. अप्पा आमच्या भागातल्या वाचनालयातून पुस्तकं आणायचे आणि रात्री गच्चीवर कंदिलापुढं वाचून दाखवायचे. एक राजपुत्र आणि त्याचा घोडा अशी गोष्ट होती, आठवडाभर चाललेली. शेवटच्या रात्री अप्पा थांबले आणि म्हणाले, "बाइंडिंगवाल्यानं घोळ घातलाय, शेवटची पानं शिवून टाकली. असू दे, मला गोष्ट पाठ आहे." आणि त्यांनी शेवट सांगितला. घोडा राजपुत्राला पाठीवर घेऊन गावात आला, वेशीवर बायकांनी त्याच्या पायावर पाणी घातलं, भिजवलेले हरभरे खाऊ घातले. बहीण झोपेतच "हरभरे" असं काहीतरी पुटपुटली. एवढंच.

तर पिक्चर. माणूस घाबरून कापायला लागला की कात्री एका जागी थांबत नाही. पुस्तकात टोनी नावाचं एक पोरगं आहे, त्याचा सोबती कापून नेलेला. बर्फात एका टपरीत सापडतं, छातीशी सुका मासा धरून बसलेलं. कुणीतरी लागतंच ना जवळ धरायला, म्हणून मासा. रात्रीत मरतं ते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासली. पिक्चरमध्ये? टोनी नाही. मासा नाही. त्याच्या जागी दुसरं पोरगं, आणि ते आईच्या कुशीत परत जातं. अस्वलानं अस्वलाचा जबडा उडवलेला मात्र चालतो हं! तो भर पडद्यावर आहे. जबडा चालतो, मासा चालत नाही.

देव आणि चर्च हे शब्द तर वेचून काढलेत, तांदळातले खडे वेचावेत तसे. आणि उपयोग काय झाला? अमेरिकेतल्या कॅथलिक लीग या धार्मिक संघटनेनं तरीही बहिष्काराची हाक दिली. त्यांचं म्हणणं ऐका, पिक्चर सौम्य आहे हे आम्हाला कळतं, पण तो बघून पोरं पुस्तकं वाचतील! म्हणजे ज्यांच्या भीतीनं मीठ काढलं ते जेवायला आलेच नाहीत, आणि आम्ही जे भूक घेऊन बसलो होतो त्यांच्या ताटात अळणी भात. 18 कोटी डॉलर घातले. अमेरिकेत 7 कोटी आले. जगभरात मिळून 37 कोटींच्या वर आले, पण बाहेरच्या देशांचे हक्क पिक्चर काढणाऱ्या न्यू लाइन कंपनीनं आधीच विकून टाकलेले. पुढच्याच वर्षी ती कंपनी वॉर्नर ब्रदर्समध्ये जमा झाली. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, मिळू दे. अस्वल खरंच छान झालंय.

हो, दोन तासांत चारशे पानं मावत नाहीत, मान्य. हो, तेवढे पैसे लावणाऱ्याच्या पोटात गोळा येणार, तेही मान्य. मग हात लावू नका ना! जगात निरुपद्रवी पुस्तकं काय कमी आहेत? वाघ पाळायचा आणि दात काढून घ्यायचे, मग मांजरच आणा की घरी.

आणि 'लहान मुलांना झेपणार नाही' हे मला सोलापुरात बसून कुणी सांगू नये. संक्रांतीला गड्ड्याला, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला, आपण सगळे जातोच. बापाच्या खांद्यावर बसून पोरं संमती कट्ट्यावरच्या अक्षता बघतात, 'सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम' म्हणतात, अर्थ कळो न कळो. सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं म्हणणारी कुंभारकन्या, आणि त्यांनी तिचं लग्न आपल्या योगदंडाशी लावायला दिलेली परवानगी. बरं, गोष्ट तिथं संपते का? दुसऱ्या दिवशी होम मैदानावर बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या करतात, तिला बांगड्या, मंगळसूत्र, सगळे सौभाग्यालंकार घालतात आणि अग्नी देतात. मी पाच वर्षांची असताना बघितलंय ते. अप्पांच्याच खांद्यावरून. त्या गोष्टीकडे आजच्या डोळ्यांनी बघितलं की माझ्याही घशात काहीतरी अडकतं, नाही असं नाही. पण मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजांवर विजेचे दिवे आले, लेझर आले, मोबाइलवर लाइव्ह आलं, तरी कुणी असं म्हटलं नाही की शेवट जरा दुःखी आहे, यंदा अक्षतांवरच थांबवू.

बीबीसीनं 2019 मध्ये मालिका केली आणि पहिल्या सीझनच्या शेवटी रॉजरला मरू दिलं. आभाळ कोसळलं नाही. मालिका 2022 मध्ये तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटापर्यंत गेलीसुद्धा. त्याच्याही आधी लंडनच्या नॅशनल थिएटरनं तिन्ही पुस्तकं दोन नाटकांत बसवली होती, आणि ती बघून कुणी कौतुक केलं? कँटरबरीच्या आर्चबिशपनी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूंनी! ज्यांनी खवळायचं ते पुलमनशी स्टेजवर बसून निवांत गप्पा मारत होते.

पाणी पिऊन आले. वरचं परत वाचलं. जरा जास्तच तापलेय, पण खोडत नाही.

अप्पांचं उरलेलं सांगते. पुढच्या उन्हाळ्यात मी एकटी त्या वाचनालयात गेले. तेच पुस्तक परत आलेलं, तीच फाटकी पाठ. शेवटची पानं सुटी होती. प्रत्येक पानाच्या कडेला एका ओळीत बारीक भोकं, सुईची. बाइंडिंगवाला एवढे जवळजवळ टाके घालतो होय? तो टाका मी ओळखत होते. आमच्या घरातल्या उशांच्या अभ्र्यांना तोच होता. अप्पांनी पानं शिवली होती, आणि परत करताना दोरा उसवला होता. घोडा मेला होता. नदीच्या पुरात राजपुत्राला काठावर टाकून स्वतः वाहून गेला. मी वाचनालयाच्या पायरीवर बसून रडले. घोडा मेला म्हणून कमी आणि अप्पांना वाटलं मला पेलणार नाही म्हणून जास्त. महिनाभर त्यांच्याशी तुटक बोलत होते. त्यांना कारण कधी विचारावंसं वाटलं नाही, किंवा कळलं असेल.

ते गेले तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पानं शिवली त्याच उन्हाळ्यात आमची आजी गेली होती. बहीण रात्री झोपेतून उठून तिची गोधडी शोधायची. गिरणी बंद, आई शिवणकामाला जायला लागलेली, घरात एकही गोष्ट धड संपत नव्हती. त्या माणसानं एक तरी धड संपवली. त्याच्या खिशात बहिष्काराची भीती नव्हती, हक्क विकायचे नव्हते. सहा वर्षांच्या पोरीला झोप लागावी एवढाच धंदा. त्यामुळे अप्पांना आणि त्या स्टुडिओवाल्यांना मी एका मापानं मोजत नाही. मोजायचंच नाही मला.

पण तरी ती भोकं मला सापडलीच ना?

आणि आज काय झालं, तर बहीण कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अप्पांनी आपल्याला कधी असलं भयंकर सांगितलं का? त्यांच्या गोष्टीतला घोडा आला ना घरी? मी हिलाही तीच सांगते रोज, हरभऱ्यांसकट. ही बिघडली का?"

मी म्हटलं, "नव्हता आला."

मला बोलायचं नव्हतं. एवढी वर्षं सांभाळलं होतं. "घोडा मेला होता. अप्पांनी पानं शिवली होती, तू झोपावीस म्हणून."

तिचा चेहरा बघवेना. भाची दोघींकडे आळीपाळीनं बघायली होती. बहीण आत गेली, भाकरी थापायचा आवाजसुद्धा बंद झाला. जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही. शेंगा चटणीची वाटी मीच उठून घेतली. म्हणजे बघा, पिक्चरवाल्यांनी सत्य कापलं म्हणून त्यांना शिव्या घालणारी मी, आणि सत्य सांगून मी मिळवलं काय, तर हे. कमेंटमध्ये 'बरोबर केलंस' लिहू नका. चूक केली असंही मला वाटत नाहीये.

रात्री गच्चीवर अंथरुणं टाकली. लाईट गेलेली. मी मोबाइलवर हे सगळं टाइप करत होते, तेवढ्यात ती शेजारी येऊन बसली. बराच वेळ नुसती हाताच्या पंख्यानं वारा घेत होती.

"कसा मेला?"

सांगितलं. पूर, काठ, सगळं.

"मग राजपुत्र घरी कसा गेला?"

"चालत. खोगीर खांद्यावर टाकून."

ती गप्प. मला वाटलं झोपली.

"पायावर पाणी त्याच्याच घातलं असेल मग," ती म्हणाली. "आणि हरभरे?"

"हरभरे पुस्तकात नव्हतेच. ते अप्पांचे."

भाची गोधडीत तोंड घालून जागी होती, आम्हाला दोघींनाही दिसत होतं. पुस्तक मी कपाटातून काढून ठेवलंय. बाकी उद्या. लाईट आली, नळालाही पाणी आलंय, भरायला जाते.