डॉक्टरकीचा एजंट कसा पारखावा

नीटचा निकाल लागला की आधी स्कोअरकार्ड उघडू नका, फोन उचला. तुमच्या लेकीचे मार्क तुमच्या आधी ज्याला कळतात, तोच खरा कन्सल्टंट. आपला नंबर त्याला कुणी दिला, हे मात्र विचारू नये. लातूरच्या ट्यूशन एरियात 'फ्री गायडन्स'च्या मंडपात तो आपणच तर लिहून दिलेला असतो.

ऑफिसात गेल्यावर आधी भिंत बघा. मंत्र्याला हार घालतानाचा फोटो असेल तर निम्मी ॲडमिशन झालीच म्हणा. मग साहेब हळू आवाजात 'मंत्री कोटा' म्हणतील. हा कोटा राज्यातले प्रवेश करणाऱ्या सरकारी सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत शोधत बसू नका. ती पुस्तिका फुकट मिळते, आणि फुकटात मिळालेल्या गोष्टीवर आपला विश्वास कुठे बसतो? तिच्यात भलतंच रुक्ष काहीतरी लिहिलेलं असतं. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची प्रवेश समिती, भरते, अभिमत विद्यापीठांच्याही तीच. बाकीच्या ८५ टक्के सीईटी सेलकडून भरतात, आणि खासगी कॉलेजांतल्या संस्था कोट्याच्या जागाही तिच्याच फेऱ्यांतून. सगळं ऑनलाइन, गुणवत्तेनुसार. हे एकदा वाचलं की साहेबांसमोर मान डोलवायची मजाच जाते. शिवाय ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या पोरांना आणि ३० टक्के बाकीच्या राज्याला, हे ७०:३० चं सूत्र सरकारने २०२० सालीच मोडीत काढलं असलं, तरी त्यांच्या फाइलीत 'मराठवाड्याचा राखीव कोटा' अजून धडधाकट आहे.

लॉगिन, पासवर्ड, ओटीपी एकदमच देऊन टाका. पसंतीक्रम साहेब भरतील. मार्कांवर पोरीला हिंगोलीचं किंवा धाराशिवचं सरकारी कॉलेज मिळत असेल, तर ते खाली सारून वर कमिशनवालं कॉलेज टाकायला धाडस लागतं, ते तुमच्यात नाही. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, टीसी, सगळे मूळ कागद त्यांच्याच कपाटात ठेवा. आपल्या घरी उंदीर असतात. पुढे कधी कागद परत मागितले तर आधी बाकी चुकती करायची एवढंच.

आता धंद्याचं गणित. सोयाबीनपेक्षा कितीतरी निर्धोक. समजा वीस पालकांनी प्रत्येकी पाच लाख दिले. साहेब दोन महिने कुणालाही फोन करत नाहीत, फक्त तुमचे घेतात. यादी लागते. सहा पोरं आपापल्या मार्कांवर लागतात. त्यांचे तीस लाख म्हणजे साहेबांच्या ओळखीची किंमत. उरलेल्या चौदांना 'थोडक्यात हुकलं हो' असं सांगून पैसे परत मिळतात, खर्च वजा जाता, हप्त्याहप्त्याने. आणि सहाजणांचे बाप गावभर सांगत फिरतात, माणूस कामाचा आहे! यात फसवलं कुणी, सांगा बघू.

मार्क फारच कमी असतील तर परदेश. 'तिकडे नीट लागत नाही' हे वाक्य ऐकून डोळे मिटून घ्या. २०१८ पासून तिकडे जायलाही नीट पात्रता लागते, कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून असावा लागतो, आणि परत आल्यावर एफएमजीईत, म्हणजे परदेशात शिकलेल्यांच्या इथल्या पात्रता परीक्षेत, ३०० पैकी १५० मिळवावे लागतात. पण विमानतळावर हार घालून काढलेला फोटो आताच हवाय ना?

पैसे रोखच द्या. चेक दिला तर बँकेत नोंद राहते, उगाच संशय घेतल्यासारखं दिसतं. वावर विकून आलेले असतील तर नोटा तालुक्यातच मोजून घ्या, साहेबांना वेळ नसतो. लिखापढी हवीच असेल तर ते पाचशेच्या बाँडवर सही देतात, अगदी आनंदाने. त्यावर 'ॲडमिशन' हा शब्द कुठेच नसतो, 'घरगुती अडचणीसाठी हातउसने घेतले' एवढंच असतं. पुढच्या वर्षी हाच बाँड घेऊन ठाण्यात जाल, तेव्हा जमादार चष्मा लावून तो दोनदा वाचतील आणि म्हणतील, "हे दिवाणी मॅटर आहे पाटील, कोर्टात जा."