चुंबक चिकटला म्हणून विहिरीत सोनं निघत नसतं

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय आणि मोहोळच्या मामांनी तो खरा धरून टेस्टिंगची फी भरायची तयारी केलीय, म्हणून लिहितोय. मेसेज असा: सोलापूरच्या काळ्या दगडात लोखंड आहे, गोल्डश्मिट या जर्मन शास्त्रज्ञाने सोनं आणि प्लॅटिनम 'लोहप्रिय' (म्हणजे लोखंडाची ओढ असलेलं) असल्याचं सिद्ध केलंय, म्हणून विहिरीच्या दगडाला चुंबक चिकटला की खाली सोनं आहे, फी भरा, तपासून देतो. वर त्या दगडाचं पाणी प्यायलं की हिमोग्लोबिन वाढतं.

सोनं लोहप्रिय आहे हे खरं, तेवढं मान्य. पण गोल्डश्मिटने (नॉर्वेचा माणूस तो) १९२३ पासून जे मांडलं ते नीट वाचा ना. त्याने उल्का बघितल्या, जर्मनीत मान्सफेल्डच्या तांब्याच्या भट्टीतून काय निघतं ते बघितलं, आणि दिसलं की वितळलेला माल तीन भागांत वेगळा होतो, धातू, गंधकाचा भाग आणि दगडासारखी मळी, आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापली जागा धरतं. सोनं जातं ते धातूरूप लोखंडाबरोबर. आपल्या बेसॉल्टमधलं, म्हणजे या काळ्या दगडातलं, लोखंड धातू नाहीच ओ मामा, ते ऑक्सिजनला बांधलेलं आहे, पायरॉक्सीन, मॅग्नेटाइट अशा खनिजांमध्ये. सोन्याला त्याची ओढ नाही. धातूरूप लोखंड साधारण ४५० कोटी वर्षांपूर्वीच पृथ्वीच्या पोटात गाभ्यात उतरलं आणि बहुतेक सोनं, प्लॅटिनम सोबत घेऊन गेलं. आपला दगड ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, म्हणजे त्याच गोल्डश्मिटच्या हिशोबाने इथे सोनं कमीच असायला पाहिजे, आणि तसंच आहे. टनाला ५ मिलिग्राम धरलं तरी एका ग्रॅमसाठी २०० टन दगड फोडायचा, म्हणजे दहा-बारा हायवा.

चुंबकाला चिकटतं ते मॅग्नेटाइट. ओढ्याच्या वाळूत चुंबक फिरवा, काळी पूड चिकटेल, अख्ख्या जिल्ह्यात कुठेही. मग सगळ्यांच्याच रानात सोनं आहे का?

'हट्टीला निघतं मग इथे का नाही' असं काकांनी विचारलंय. हट्टी म्हणजे कर्नाटकातली सोन्याची खाण; रायचूरकडचा तो खडक वेगळा, २५० कोटी वर्षांहून जुना, तिथे भेगांतून गरम पाणी फिरलं आणि सोनं गारगोटीच्या शिरांत, गंधकाच्या खनिजांबरोबर साठलं. तिथे टनाला काही ग्रॅम मिळतं.

विहिरीच्या दगडात चमकतं ते झिओलाइट नाहीतर कॅल्साइट, साधी खनिजं. सोनं नव्हे.

आणि पाण्याचं म्हणाल तर दगडातलं लोखंड ग्लासभर पाण्यात रात्रीत सुटत नाही. मामी, आजीच्या लोहाच्या गोळ्या त्या मेसेजपायी बंद केल्या असतील तर आजच परत चालू करा, आणि मामा, फी मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.