"ताई, उगाच घाबरवू नका" या प्रतिक्रियेला उत्तर

घरात साठणाऱ्या रेडॉनवर (जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा रेडिओॲक्टिव्ह गॅस, त्याने लंग कॅन्सर होऊ शकतो) मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सकाळीच वाचली, पण तेव्हाच उत्तर दिलं असतं तर भांडणच झालं असतं. तुम्ही लिहिलंत, "ताई, भारतात कोणी रेडॉन मोजला होता का? मरतात ते स्मोकर्स. आमच्या शेजाऱ्यांचं २ आलंय म्हणजे आमचंही तेवढंच. हा सगळा फॅनवाल्यांचा धंदा, उगाच घाबरवू नका." आणि खाली दात काढणारी इमोजी. मत वेगळं असू दे ना, पण लंग कॅन्सरच्या विषयात हसण्यासारखं काय सापडलं तुम्हाला? ताई म्हणायचं आणि शाळेतल्या पोरीला समजवावं तसं बोलायचं, ही कुठली पद्धत?

धंद्याचं एक मान्य. जो टेस्ट करतो त्यानेच रेडॉन बाहेर काढायचा फॅन विकायला काढला तर शंका येणारच, म्हणून टेस्टचं किट स्वतः आणून लावा. स्मोकर्सना धोका जास्त असतो हे माझ्या लेखात होतंच, पुरतं वाचलं असतंत तर दिसलं असतं.

आता ते "भारतात कोणी मोजला होता का". मी साताऱ्याकडच्या कौलारू घरात वाढलेय हो. दारं दिवसभर सताड उघडी, चुलीचा धूरसुद्धा कौलांच्या फटीतून निघून जायचा, तिथे गॅस साठणार कुठे? इथे पूर्व पेनसिल्व्हेनियात आपण जमिनीत खणलेल्या बेसमेंटवर राहतो, थंडीत महिनोन्‌महिने खिडकी उघडत नाही, हीटिंगने गरम झालेली हवा वर जाऊन बाहेर पडते आणि तिच्या जागी बेसमेंटच्या जमिनीच्या स्लॅबच्या भेगांतून, संप पंपच्या (बेसमेंटमधलं पाणी उपसायच्या पंपाच्या) खड्ड्यातून मातीतली हवा आत ओढली जाते. त्यात आपल्या या पट्ट्यात खाली रेडिंग प्राँग या डोंगरपट्ट्याचा युरेनियमवाला खडक. दोन्ही घरं सारखीच म्हणायची का?

१९८४ मध्ये इथल्याच लिमरिक अणुवीज केंद्रातल्या स्टॅन्ली वॉट्रस नावाच्या इंजिनिअरमुळे रेडिएशनचा अलार्म वाजायचा, तोही कामावर येताना. शोधलं तर कारण त्याचं घर निघालं, बॉयरटाउनजवळचं, दर लिटर हवेत साधारण २,७०० पिकोक्युरी (रेडॉन याच मापात मोजतात, तुमच्या शेजाऱ्यांचे २ सुद्धा यातलेच). ईपीए, म्हणजे अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था, ४ लाच दुरुस्ती करा म्हणते. बायको-मुलं त्याच घरात राहत होती, आणि रेडॉनला ना रंग ना वास, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नव्हता.

आमच्याकडे बेसमेंटमध्ये कार्पेट टाकून मुलांची खेळायची खोली केली होती, पोरं तिथेच लोळायची. हिवाळ्यात टेस्ट केली तर ९.४. घरात कोणी सिगरेटला हात लावलेला नाही. स्लॅबला भोक पाडून पाइप छपरापर्यंत नेला, त्याला फॅन लावला, आता १.२ येतं. हे सगळं मी स्वतः निस्तरलंय, कुठून कॉपी-पेस्ट केलेलं नाही, त्यामुळे "घाबरवू नका" हे निदान मला तरी ऐकवू नका.

आणि शेजाऱ्यांच्या आकड्यावर तर अजिबात जाऊ नका. भिंतीला भिंत लागून असली तरी दोन घरांचे आकडे कुठल्या कुठे असू शकतात, कारण भेगा वेगळ्या, खालची माती वेगळी. १२ तास आधीपासून दारं-खिडक्या बंद ठेवा, मग सगळ्यात खालच्या वापरातल्या मजल्यावर ४८ तास किट ठेवा, लगेच लॅबला पाठवा. आकडा आला की इथे लिहा, पण तुमच्या स्वतःच्या घराचा.