‘चूक दाखवणार कोण?’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शाळेऐवजी घरीच, काय शिकायचं ते मुलांवर सोडलं तर ती आवडीचंच करतील आणि गणित मागे पडेल, शिवाय चुकलं तर ते त्यांना दाखवणार कोण? पहिला मुद्दा मला अर्धाच पटतो. दुसरा मात्र नेमका दुखऱ्या जागी लागला आहे. स्वयंशिक्षणाबद्दल उत्साहाने लिहिणारे बरेच जण तिथे घाईघाईने पुढे सरकतात.

मुलाने स्वतः ठरवून शिकणं म्हणजे त्याला मोकाट सोडणं नव्हे. ठरवायलाही रीत लागते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, मूल आणि घरातलं मोठं माणूस अर्धा तास वही घेऊन बसतात. मूल तीन गोष्टी लिहितं: काय करणार, त्याला काय लागेल, आणि जमलं हे कशावरून कळेल. सगळी मेख तिसऱ्या प्रश्नात आहे. ‘अपूर्णांक शिकणार’ असं लिहिलं की आठवडा वाया गेलाच म्हणून समजा. ‘वेगळ्या छेदांच्या दहा बेरजा उत्तरं न बघता करीन, निदान नऊ बरोबर याव्यात’ असं लिहिलं की काम सुरू होतं.

आता गणित. पेटी बनवताना मापं येतात, कॉम्प्युटरवर गेम बनवताना ऋण संख्या येतात, पण बैजिक राशींचे अवयव पाडण्याची वेळ आपणहून येत नाही. म्हणून रोज २५ मिनिटं गणित, ही अट मोठ्यांनी घालावी असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात काय करायचं ते मुलाने निवडावं. याला कोणी शुद्ध स्वयंशिक्षण म्हणणार नाही. न म्हणोत. इंग्लंडमधल्या समरहिल या शाळेत (स्थापना १९२१) तासाला बसणं ऐच्छिक असतं आणि अमेरिकेतल्या सडबरी व्हॅली शाळेत (१९६८) ठरलेला अभ्यासक्रमच नाही. पण तिथे विचारायला वेगवेगळ्या वयांची मुलं आणि मोठी माणसं दिवसभर आसपास असतात. घरात एक-दोन मुलं असतात. तिथलं स्वातंत्र्य जसंच्या तसं घरी आणलं की मूल एकटं पडतं.

चुकांचं मात्र तुम्ही म्हणता तसंच आहे. एक उदाहरण घेऊ. मूल लिहितं: १/२ + १/३ = २/५. वर वर, खाली खाली मिळवलं. उत्तरसूचीत ५/६ आहे. मूल फुली मारतं, ५/६ लिहितं आणि पुढे जातं. उत्तर सुधारलं, समज तशीच राहिली. पुढच्या बेरजेत तीच चूक. सूची ‘चूक’ एवढंच सांगते, ‘का’ ते सांगत नाही. इथे एकच प्रश्न विचारायचा: २/५ हे अर्ध्याहून मोठं की लहान? लहान. मग अर्ध्यात भर घातल्यावर अर्ध्याहून कमी कसं उरलं? हा खटका बसला की समान छेद कशाला हवा, ते मूल स्वतःच शोधू लागतं. म्हणून चुकलेलं उदाहरण कोऱ्या पानावर पुन्हा करायचं, खाली ‘कुठे घसरलो’ हे एका वाक्यात लिहायचं आणि एक, तीन, सात दिवसांनी परत सोडवायचं. तीच चूक तिसऱ्यांदा आली तर जाणकाराला विचारायचंच.

अगदी नवा विषय असेल तर ‘तूच शोध’ म्हणणं हा अन्याय आहे. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षणाच्या अभ्यासकांनी २००६ साली हेच मांडलं: नवशिक्याला नुसतं शोधायला लावण्यापेक्षा पूर्ण सोडवलेली उदाहरणं जास्त उपयोगी पडतात; जाण वाढली की हा फायदा कमी होतो. त्यामुळे आधी तीन सोडवलेली, मग दोन अर्धवट, मग स्वतःची.

एकट्याने शिकताना ‘मला येतंय’ हा भासही फार होतो, विशेषतः व्हिडिओ बघून. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या एका प्रयोगात उतारा चारदा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८३ टक्के आठवलं, पण आठवड्याने ४० टक्केच. एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना सुरुवातीला ७१, आठवड्याने ६१. तेव्हा दर दहा मिनिटांनी व्हिडिओ थांबवायचा, न बघता लिहायचं, मग ताडून बघायचं.

बिघडतं कुठे? शाळा कायमची सोडल्यावर पहिले काही आठवडे मूल काहीच करत नाही. पालक धास्तावतात आणि शाळेचं वेळापत्रक घरात लावतात. दुसरं, आठवड्याची बैठक हळूहळू उलटतपासणी होते आणि मूल सोपंच लिहू लागतं. सलग दोन आठवडे सगळंच बरोबर आलं तर कौतुकाआधी उदाहरणं किती सोपी होती ते बघा.

शेवटी तुम्ही विचारलंत, घरात कुणालाच वेळ नसेल तर? तर शाळा सोडवू नका. शाळा चालू ठेवून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ही वही करा. अर्ध्या तासाची बैठक तेवढी चुकवू नका.