शेळ्या आणायच्या आधी शेवरी लावा

शेळीपालन करायचं ठरवलेला माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: शेड किती बाय किती बांधू? चारा कुठून आणणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. मला याची खरंच काळजी वाटते, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मोबाईलवर फिरणारं गणित असं असतं. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवस, म्हणजे दोन वर्षांत तीन वेतं (बाळंतपणं). आमच्या उस्मानाबादी जातीच्या शेळीला जुळी नेहमीचीच. वेताला सरासरी दीड करडू धरलं तरी २० शेळ्यांमागं वर्षाला ४५ करडं. बेरीज बरोबर आहे, पण या हिशोबात एकही करडू मरत नाही आणि एकही शेळी उलटत नाही, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येत नाही. गोठ्यात दोन्ही होतं. मेलेल्या करडाच्या आईला खुराक तेवढाच लागतो, म्हणून नफा करडू जगण्यावर ठरतो.

करडू जन्मलं की नाक-तोंड पुसायचं, नाळ स्वच्छ ब्लेडनं कापून टिंक्चर आयोडीन लावायचं आणि अर्ध्या-एक तासात चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, पाजायचा. दिवसभरात वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे दोन किलोच्या करडाला २०० मिलि, थोडा थोडा करून. थंडीच्या रात्री शेळी व्यायली तर मालकानं गोठ्यातच असायला हवं. हे पगारी गड्यावर सोडून पुण्यात बसायचं असेल तर कृपा करून या धंद्यात पडू नका.

चाऱ्याचं बोलू. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवं, किलोभर वाळलं आणि पाव किलो खुराक लागतो. शेवरी, सुबाभूळ, हादगा, दशरथ घास असा झाडपाल्याचा चारा बांधावर नाहीतर दहा-वीस गुंठ्यात हवाच. तूर, हरभऱ्याचं भुसकट सुगीतच भरून ठेवा. उन्हाळ्यात विकत घ्यायला गेलात की नफा तिथंच संपतो.

शेडला लाखो रुपये घालायची गरज नाही. शेळीमागं १०-१२ चौरस फूट सावली, त्याच्या दुप्पट मोकळं अंगण आणि कोरडी जमीन, एवढं बास. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या युनिटला ५० टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. योजना चांगली आहे, पण ज्यानं २० शेळ्यांचा एक पावसाळा काढलेला नाही, त्यानं अनुदानासाठी १०० वर उडी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

शेळ्या बाजारातून नको, पाळणाऱ्याच्या दारातून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, सड नीट असलेली. आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या बांधा. पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस चुकवू नका. घरचाच बोकड वर्षानुवर्षं वापरू नका, पैदास खुंटते.

विक्रीचं तर बघवत नाही. व्यापारी येतो, बोकडाच्या कमरेवर हात दाबतो, एक आकडा बोलतो आणि आपण मान हलवतो. काटा आणा. ३० किलोच्या बोकडात किलोमागं ५० रुपये गेले तर एका नगावर १५०० गेले! बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येते, त्या हिशोबानं बोकड तयार ठेवा.

यंदा सुरू करणाऱ्यांनी जूनमध्ये शेवरी लावावी आणि शेळ्या दिवाळीनंतर आणाव्यात.