पहिली वेलांटी की दुसरी?

माझा भाचा यंदा दहावीला आहे. जन्मापासून दिसत नाही. गावातल्या साध्या शाळेतच शिकला. बोर्डाच्या पेपरला लेखनिक हवा, आणि तोही एक इयत्ता खालचा. मागच्या गल्लीतली नववीतली एक पोरगी तयार झाली. रविवारी दोघं आमच्या ओट्यावर सरावाला बसतात.

पहिल्याच दिवशी भाच्याने उत्तरात 'परिस्थिती' म्हटलं आणि पोरीचा पेन थांबला. "दादा, वेलांटी पहिली की दुसरी?"

भाचा गप्प. वेलांटी अक्षराच्या अलीकडे बसते की पलीकडे, हे त्याने कधी पाहिलेलंच नाही. ब्रेलमध्ये दोन्ही वेलांट्या अक्षरानंतरच येतात, फरक फक्त सहापैकी कोणत्या क्रमांकाची टिंबं उठतात याचा. जरा विचार करून म्हणाला, "दोन-चार, दोन-चार, तीन-पाच." आता पोरगी गप्प!

आधी हसलो. मग वाटलं, याला शुद्धलेखन येतं, आणि तरी ते कागदावर उतरेलच असं नाही. मार्क मात्र याचेच जाणार.

सरकार काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे कलम १७ मध्ये स्पष्ट लिहिलंय. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं ठरला. 'समग्र शिक्षा' या सरकारी शालेय योजनेत प्रत्येक दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे.

पण बघा, आपली बहुतेक सगळी दया पेपरच्या तीन तासांवर खर्च होते. त्याआधीच्या नऊ वर्षांचं काय? भाच्याची ब्रेल पुस्तकं एका वर्षी दिवाळीनंतर आली. भूमितीच्या तासाला सर फळ्यावर "ही रेषा इथून इथे" म्हणायचे, आणि याला सांगायचे, "तू नुसतं ऐक." काय ऐकणार? 'इथून इथे'?

मग नववी संपताना शाळेतून सल्ला आला की गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घ्या, सोपं जाईल. ही सोय खरंच गरजेची असलेली मुलं आहेत, त्यांच्याकडून ती कोणी काढून घेऊ नये. पण न शिकवल्याची भरपाई म्हणून ती कुणाच्या गळ्यात मारायची नाही. बहीण अडून बसली. भाचा पूर्ण गणित देतोय.

त्याला गणित आलं ते विशेष शिक्षिकेमुळे. रबरी पाटीवर कागद ठेवून त्या टोकदार पेनाने त्रिकोण काढायच्या, उमटलेली रेघ त्याच्या बोटाखाली द्यायच्या. बाई कंत्राटी. इतक्या शाळा त्यांच्या गळ्यात, की आमच्याकडे पंधरा दिवसांनी फेरी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे १ आणि त्यापुढे १५ मागे १ विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलंय. मला विचाराल तर पहिला पैसा इथे घाला: कायम नेमणुका, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात हातात पुस्तक. सवलतींचं परिपत्रक त्यानंतर काढा.

कालच्या रविवारी पुन्हा सराव होता. मी चहा घेऊन ओट्यावर गेलो, तर पोरीने वहीच्या मागच्या पानावर सहा टिंबांची चौकट काढून ठेवली होती. भाच्याने 'निर्मिती' म्हटलं. तिने मान वर न करता विचारलं, "शेवटची तीन-पाच ना, दादा?"